तुलाम्बेनला ओपन वॉटर कोर्स: माझा अनुभव

मालवण-तारकर्लीला ‘स्कूबा’ केलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना पाण्याखाली कुणीतरी धरून फिरवलेलं असतं. मला स्वतःचं स्वतः फिरायचं होतं, म्हणून बालीतल्या तुलाम्बेनला ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला प्रमाणपत्र कोर्स केला.

आधी तब्येतीचा फॉर्म: दमा, कान, हृदय. माझा सायनसचा जुना त्रास, त्यामुळे डॉक्टरांची सही इथूनच घेऊन गेले. थिअरी ऑनलाइन झाली, त्यात अडण्यासारखं काही नाही.

घाम काढला तो पूलमध्ये, मास्कने. मास्कमध्ये पाणी भरू द्यायचं, वरची कड कपाळाशी दाबायची आणि नाकाने श्वास सोडत ते बाहेर ढकलायचं. डोक्याला पटतं, नाक मात्र पाणी आत ओढायलाच बघतं. नंतर तर मास्क काढूनच श्वास घेत राहायचं. इन्स्ट्रक्टरने घाई केली नाही, हे माझं नशीब.

मग समुद्रात चार डाइव्ह. इथे किनाऱ्यावरूनच पाण्यात शिरतात, आणि किनारा म्हणजे आगुंग ज्वालामुखीचे काळे गोटे, लाटेसरशी पायाखालून सरकणारे. जाड तळाचे बूट घ्याच. गावातल्या बायका डोक्यावर दोन-दोन सिलिंडर घेऊन त्याच गोट्यांवरून झपाझप जात होत्या; मी पाठीवरच्या एकानेच डुलत होते.

खाली ‘लिबर्टी’. या अमेरिकी मालवाहू जहाजाला १९४२ साली जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला, ते ओढून या किनाऱ्याला लावलं, आणि १९६३ च्या आगुंगच्या उद्रेकात ते घसरून पाण्यात गेलं. आता त्या सुमारे १२० मीटर लांब सांगाड्यावर प्रवाळ आणि समुद्रपंखे माजलेत. पहाटे गेलात तर कपाळावर टेंगूळ असलेल्या बंपहेड पॅरटफिशचा कळपच भेटतो. बाजूच्या काळ्या वाळूत गार्डन ईल, म्हणजे बिळात राहणाऱ्या सापासारख्या बारीक माशा, अर्ध्या बाहेर डोलत असतात. जरा जवळ गेलं की सगळ्या गुडुप.

हे बघायचं तर तरंगणं जमायला हवं. श्वास भरला की किंचित वर, सोडला की खाली. हात मारायचे नाहीत. पायातला फिन (पोहायचा पंखा) वाळूला लागला की काळा धुरळा उठतो आणि मागच्याला काही दिसत नाही. कान दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. आमची मर्यादा १८ मीटर, जहाज त्याच्याही खाली उतरत जातं.

शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमान नको, म्हणून परतीचं तिकीट एक दिवस पुढचं काढा. त्या मोकळ्या दिवशी कुणी आगुंग चढायची टूम काढली तर तीही टाळा. डाइव्हमध्ये अंगात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे धरून त्रास देऊ शकतो, आणि उंची विमानातली की डोंगरावरची, हे त्याला कळत नाही.