केकवर उतरलेला कोल्हापुरी साज

भाचीच्या लग्नाचा केक मी घरीच करीन असे फेब्रुवारीत कबूल करून बसले, तेव्हा लग्न मे महिन्यात आहे आणि कोल्हापुरात त्या दिवसांत पारा पस्तिशी ओलांडतो, याचा मला सोयीस्कर विसर पडला होता. १०, ८ आणि ६ इंचांचे तीन थर भाजून झाले ते विनातक्रार. खरा कस लागला तो आयसिंगच्या नक्षीत.

भाचीला गुलाब नको होते, साज हवा होता. गळ्यातल्या कोल्हापुरी साजात परंपरेने २१ पानड्या, म्हणजे नक्षीची छोटी पदके, मानतात: दहा दशावतारांच्या, आठ अष्टमंगलांच्या, दोन पाचू-माणकाच्या आणि एक ताईताची. मधल्या, म्हणजे ८ इंची थराचा घेर साधारण ६४ सेंटीमीटर भरतो; त्याच्या दर्शनी अर्ध्या भागात एवढ्या पानड्या बसवायच्या, तर एकीच्या वाट्याला जेमतेम दीड सेंटीमीटर येतो. गुजरीत सराफांच्या काचांसमोर दोन संध्याकाळी रेंगाळले, तेव्हा कुठे उमगले की एवढ्याशा पानडीतला मासा ओळखू येतो तो शेपटीच्या दुफाट्यामुळे, खवल्यांमुळे नव्हे. त्यानंतर कागदावरचे माझे निम्मे तपशील मी खोडून टाकले.

बटरक्रीमसाठी ५०० ग्रॅम बिनमिठाच्या बटरला १ किलो आयसिंग शुगर, हे प्रमाण मी वापरते. बटर साधारण १८ ते २१ अंशांवर असते तेव्हा ते नोझलमधून सुबक उतरते आणि आकार धरते. त्यापुढे ते सैल पडत जाते आणि बत्तीस-पस्तीस अंशांवर तर वितळतेच. आपला तळहातही जवळपास तेवढाच गरम असतो, हे त्या रात्री मला शिकावे लागले. खालच्या थराभोवती चांदणीच्या नोझलने शिंपल्यांची किनार ओढायला घेतली, तर पहिले दहा शिंपले कातीव आले, पंधराव्याच्या कडा बोथट झाल्या आणि विसावा थेट गोगलगाय झाला. सगळी किनार खरवडून काढली. मग आयसिंगच्या दोन पिशव्या अर्ध्याच भरल्या, एक हातात तर दुसरी फ्रिजमध्ये अशी पाळी लावली आणि उरलेले काम रात्री अकरानंतरच करायचे ठरवले.

साजाचे मणी काढताना वेगळीच अडचण आली. प्रत्येक मण्याला शेंडी येत होती. मेंदी काढून देणाऱ्या आमच्या शेजारच्या वहिनी सहज डोकावल्या आणि क्षणभर पाहून म्हणाल्या, "ताई, तुम्ही चकलीचा सोऱ्या दाबताय. कोन असा नाही धरायचा. आधी दाब सोडा, मग हात उचला." एवढेच चुकत होते, मी दाबता दाबताच हात उचलत होते. त्यांनी बटर पेपरचा मेंदीसारखाच बारीक कोन वळून दिला, टोक सुईएवढे कापले आणि हातांची दोन्ही कोपरे ओट्यावर टेकवून पहिले सात मणी स्वतःच घातले. सगळे सारखे, ज्वारीच्या दाण्याएवढे. मला खरे तर थोडा हेवाच वाटला.

पानड्या मात्र माझ्या. कागदावरचा नमुना केकच्या कडेला लावून टूथपिकने टोचे दिले आणि थर आधी अर्धा तास फ्रिजमध्ये घट्ट करून घेतला, कारण गार, घट्ट बटरक्रीमवर चुकलेली रेघ सुरीच्या टोकाने अलगद निघते, मागे डाग राहत नाही. कासव तीनदा काढले. सोनेरी छटेसाठी पिवळ्यात तपकिरीचा कण मिसळला होता. रंग काही तासांत गडद होतो, म्हणून मुद्दाम फिकाच ठेवला.

हॉलवर केक मांडला, तेव्हा भाचीची आजी चष्मा सावरत पुढे आली आणि बोट न लावता मोजू लागली. शेवटी मान वर करून म्हणाली, "वीसच हाईत की गं." नमुना लावताना कागदाची कड दुमडली होती, टोकाची बेलपानाची पानडी राहूनच गेली होती. डागडुजीसाठी बर्फाच्या डब्यात ठेवलेला कोन मी काढला आणि आजीच्या देखत, आधी दाब सोडून मग हात उचलत, एकविसावी पानडी पुरी केली.