हलतं ते आधी थांबवा, मग लपवालपवी करा

स्क्रीनवरचा पसारा आवरायचा म्हटलं की पुष्कळजण आधी वॉलपेपर काळा करतात. पण तो बिचारा दिवसभर विंडोंखालीच दडलेला असतो. नजर ओढतात त्या हलणाऱ्या गोष्टी: लुकलुकणारा आयकॉन, त्यावरचा लाल आकडा.

विंडोज ११ मध्ये टास्कबारच्या (स्क्रीनच्या तळाच्या आयकॉनच्या पट्टीच्या) रिकाम्या जागी राइट क्लिक करा, टास्कबार सेटिंग्ज, मग टास्कबार बिहेवियर्स. इथे सरळ ‘ऑटोमॅटिकली हाइड’वर टिक करून लोक दोन दिवसांत वैतागतात. कारण एखादं ॲप लुकलुकायला लागलं की लपलेला टास्कबार वर येतो आणि त्या ॲपवर क्लिक करेपर्यंत हटत नाही. तुम्ही लिहीत असता तीच ओळ नेमकी झाकली जाते. म्हणून त्याच यादीतल्या ‘शो बॅजेस’ (आयकॉनवरचा आकडा) आणि ‘शो फ्लॅशिंग’ (लुकलुकणं) यांवरची टिक आधी काढा, मग टास्कबार लपवा.

एक्सेलमध्ये दिवस घालवणाऱ्यांनी मात्र तो लपवूच नये. शीटचे टॅब तळाशी असतात, माउस जरा खाली घसरला की टास्कबार नेमका त्यांच्यावर येऊन बसतो. दुसरी शीट उघडायला जावं आणि भलतंच ॲप उघडावं!

डेस्कटॉपवर राइट क्लिक, व्ह्यू, ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’ची टिक काढली की आयकॉन गायब. फायली जागच्या जागी असतात, फाइल एक्सप्लोररच्या डेस्कटॉप फोल्डरमध्ये मिळतात.

मेल आणि व्हॉट्सॲपसाठी विंडोज + कंट्रोल + डी दाबून दुसरा डेस्कटॉप, म्हणजे विंडो ठेवायला आणखी एक वेगळा पडदा, तयार करा. ये-जा विंडोज + कंट्रोल + डावा-उजवा बाण. एवढ्याने नोटिफिकेशन थांबत नाहीत, ती कुठल्याही डेस्कटॉपवर टपकतात. त्यासाठी विंडोज + एन दाबून वरच्या घंटेवर क्लिक करा, डू नॉट डिस्टर्ब चालू होतं. कॉल आणि रिमाइंडर यायला हवेत की नकोत, ते सेटिंग्जमधल्या सिस्टिम, नोटिफिकेशन्सखाली ‘सेट प्रायॉरिटी नोटिफिकेशन्स’मध्ये ठरवा.

व्हॉट्सॲप वेबची गोष्ट निराळी. टॅबच्या नावातच कंसात न वाचलेल्या चॅटचा आकडा येतो, त्याला घंटा बंद करून उपयोग नाही. तो टॅब ओढून वेगळ्या विंडोत काढा, विंडोज + टॅब दाबा आणि ती विंडो खाली दिसणाऱ्या दुसऱ्या डेस्कटॉपवर नेऊन टाका. कामाच्या ब्राउझरमध्ये एफ११ दाबलं की टॅबची अख्खी रांग दिसेनाशी होते, पुन्हा दाबलं की परत येते. आणि ऐनवेळी दहा विंडो उघड्या असतील तर विंडोज + होम: समोरची सोडून बाकी सगळ्या खाली जातात.