गल्लीचा अंक आणि झेरॉक्सच्या काउंटरवरची संपादक मंडळी

नोव्हेंबर म्हणजे आमच्या झेरॉक्सच्या दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर पीकपेरा असलेला सातबारा, वर आधार, पासबुक, केवायसी. दुकान अमळनेरला, वडिलांनी सुरू केलेलं, तेव्हा सायक्लोस्टाईल होतं, स्टेन्सिल कापायची, शाईचा रोल फिरवायचा आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका काढायच्या. आता मशीन डिजिटल आहे पण काम तेच, कोणीतरी मागितलेला कागद कोणालातरी काढून द्यायचा. त्या दिवशी मात्र कोणीही न मागितलेला कागद आला.

अकरावी-बारावीतली एक मुलगी, गर्दीत मागे उभी, हातात प्लास्टिकचं फोल्डर. नंबर आला तर म्हणे, काका याचं छोटं पुस्तक करायचंय, पण छापखान्यात नाही, इथंच, झेरॉक्सवर. फोल्डरमध्ये हाताने लिहिलेली १६ पानं, तिच्या गल्लीवर. नकाशा, कोणत्या गच्चीवर कोणाचे बिबडे (ज्वारीचे पापड) वाळतात, आणि गल्लीतले बंद पडलेले धंदे, कल्हईवाला, पाट्या-वरवंट्याला टाकी लावणाऱ्या, म्हणजे छिन्नीने टोचे मारणाऱ्या मावशी, पिंजारी. प्रत्येकाचं एक चित्र आणि खाली चार-पाच ओळी, अर्ध्या मराठीत अर्ध्या अहिराणीत, जसं घरात बोलतात तसं. मी म्हटलं कुठल्या प्रोजेक्टसाठी आहे का, तर नाही, कॉलेजने सांगितलेलं नाही, मार्क नाहीत, गल्लीतल्या ४० घरांत एकेक द्यायचंय. याला झीन म्हणतात काका, आपलं आपण लिहायचं, आपणच काढायचं, आपणच वाटायचं. मला ते इतकं आवडलं की मी सातबारेवाल्यांना सरळ सांगितलं पाच मिनिटं थांबा भो.

पाच मिनिटांत होणारं काम नव्हतंच ते. निळ्या बॉलपेनने लिहिलेलं ब्लॅक अँड व्हाइटमध्ये फिकट येतं, पेन्सिलची हलकी शेडिंग तर उडूनच जाते, पिवळं हायलाइटर दिसतच नाही किंवा राखाडी डाग पडतो, म्हणून चित्रांच्या कडा तिला काळ्या जेल पेनने गिरवायला बसवलं. काही ओळी तिने वेगळ्या कागदावर लिहून चिकटवल्या होत्या, अशा पट्टीच्या कडेची सावली कॉपीत काळी रेघ होऊन येते, तिथं व्हाइटनर मारायचा. आणि चिकटवलेला कागद फीडरमधून कधी टाकू नये, अडकला तर ओरिजिनल फाटतं, काचेवर एकेक पान ठेवूनच काढायचं. मशीन कडेचे चार-पाच मिलीमीटर छापतच नाही, तिची अक्षरं पार कडेपर्यंत गेलेली, म्हणून सगळं थोडं लहान करून घेतलं.

पानांची जुळणी हा खरा खेळ. १६ पानांचं पुस्तक म्हणजे ए-फोरचे चार कागद मधोमध दुमडलेले, पहिल्या कागदावर एका बाजूला १६ आणि १, मागे २ आणि १५, दुसऱ्यावर १४ आणि ३, मागे ४ आणि १३, असं आत आत जायचं. कागदाच्या एका बाजूवर येणाऱ्या दोन पानांच्या नंबरांची बेरीज कायम १७ आली पाहिजे, एवढं लक्षात ठेवलं की चूक होत नाही. तिने ते पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं.

तोवर काउंटरवर पानं पसरलेली आणि लोक खोळंबलेले, खोळंबलेला माणूस समोर जे दिसेल ते वाचतो. पासबुकची झेरॉक्स घ्यायला आलेले एक म्हातारे बाबा पिंजाऱ्याच्या पानावर वाकले आणि म्हणाले, "बेटा, हाई तात अशी नही ऱ्हास." त्यांचे वडील हाच धंदा करायचे. तिने पिंजणाची दोरी सुतळीसारखी जाड काढली होती, बाबा म्हणे ती तात असते, जनावराच्या आतड्याची, बारीक आणि ताणलेली, तिच्यावर लाकडी मुठीने ठोकलं की ती थरथरते आणि कापूस सुटा होऊन उडतो. मग त्यांनी खरंच डावा हात लांब केला, उजव्या हाताने हवेत ठोके दिले आणि तोंडाने तो आवाज काढला, अख्खं दुकान गप्प. थंडी पडायच्या आधी गाद्या-रजया पिंजायला गावोगाव फिरायचे, मुक्काम कुठे करायचे, मजुरी पैशात किती आणि धान्यात किती, सगळं सांगत गेले. मुलगी लिहीत होती, मी पानं द्यायचं विसरून ऐकत होतो.

त्यानंतर जो तो बोलायला लागला. कोणी म्हणे कल्हईवाल्याचं पान आहे पण नवसागराचा धूर कुठाय, तो लिही, कथील घासताना तो पांढरा धूर उठायचा आणि आम्ही पोरं गोल करून बसायचो. दुधाच्या केंद्रावरून आलेल्या एका आजींना वाचता येत नव्हतं, त्या म्हणाल्या, "काय लिखेल शे, वाची दखाड माले." टाकीचं पान वाचून दाखवलं तर त्या टाकी लावणाऱ्या बाईला ओळखत होत्या, ती कोणत्या गावाहून यायची ते सांगितलं, आणि ती गेली तेव्हा कोणी पेपरात दिलं नव्हतं हेही सांगितलं. मुलीने ती ओळ जशीच्या तशी घेतली.

मी रोज हजारेक कागद काढतो आणि त्यातला प्रत्येक कागद माणसाला विचारतो की तू कोण आहेस ते सिद्ध कर. हा पहिला गठ्ठा होता ज्यात माणसं स्वतःहून सांगत होती की आम्ही कोण आहोत. आणि असा कागद हवा, फार हवा, असं मला वाटतं, कारण फोनच्या ग्रुपवर टाकलेलं सगळं आठवड्यात वर सरकून जातं आणि ट्रंकेत, देव्हाऱ्याखाली, लग्नाच्या अल्बममध्ये ठेवलेला कागद राहतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगावच्या लोकांच्या घरातले जुने कागद गोळा केले, धुळ्याचं संशोधन मंडळ त्यावरच उभं आहे. मागे कोणीतरी लिहून ठेवलं होतं म्हणून तर ते गोळा करता आलं.

रात्री घरी आल्यावर मी या झीनबद्दल वाचत बसलो. १९३० साली शिकागोत विज्ञानकथा वाचणाऱ्या पोरांनी असे अंक काढायला सुरुवात केली, १९७६ ला लंडनमध्ये पंक संगीतवाल्यांनी झेरॉक्सवर काढले. पण आपल्याकडेही कमी नाही. १९५० च्या दशकात मुंबईत कवी अरुण कोलटकर, दिलीप चित्रे यांनी 'शब्द' नावाचं लघुनियतकालिक सायक्लोस्टाईलवर काढलं होतं, म्हणजे आमच्या वडिलांकडे होतं तसल्याच मशीनवर. आणि आमच्या अमळनेरातच, प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक लिहायचे. रोज, हाताने, एकट्याने. हे मी शाळेत ऐकलेलं होतं पण कधी या नजरेने पाहिलं नव्हतं.

बांधणी दुसऱ्या दिवशी केली. साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही, त्यासाठी पानं उघडी करून पालथी थर्माकोलवर ठेवायची, स्टेपलर पूर्ण उघडून वरून दाबायचा, मग थर्माकोल काढून मागच्या पिना चमच्याच्या टोकाने वाकवायच्या. तिला दोऱ्याचं जास्त आवडलं, घडीवर तीन भोकं, सुई मधल्या भोकातून आत, वरून बाहेर, खालून आत, परत मधून आणून गाठ. तिची आई आणि शेजारच्या दोघी रजईच्या सुईने शिवत बसल्या, माझ्यापेक्षा भराभर.

पिंजणाचं चित्र तिने नव्याने काढलं, बाबांनी दुकानात येऊन तपासलं आणि तात बारीक आहे म्हणाले. त्यांना एक अंक दिला तर खिशातून पैसे काढले, तिने घेतले नाहीत, मग त्यांनी तिला पेरू दिले. ४० प्रती संपल्या, पलीकडच्या गल्लीतल्यांनी आमचं का नाही म्हणून विचारलं, तेव्हा दुसरा अंक संक्रांतीपर्यंत त्यांचा निघतोय आणि लिहायला त्या गल्लीतलीच दोन पोरं बसलीत. ओरिजिनल पानं माझ्याकडे फाइलला आहेत. कोणाला आपल्या गल्लीचा, गावाचा असा अंक काढायचा असेल तर काळ्या पेनने लिहा, कडेला बोटभर जागा सोडा आणि गर्दी असली तरी या, मी थांबवतो लोकांना.