चित्र माझं, पिशवी भलत्याचीच

गोव्यात बांदोड्याला माझ्या मावशीच्या अंगणात जे तुळशीवृंदावन आहे, त्याच्या डाव्या कोपऱ्याचा टवका उडालाय. वरून नारळ पडला होता. तुळशीच्या लग्नाआधी दरवर्षी वृंदावन रंगवतात, पण तो कोपरा कुणी भरून घेतला नाही. मी ते शाईने काढलं तेव्हा टवक्यासकट काढलं आणि इन्स्टाग्रामवर टाकलं.

काही महिन्यांनी म्हापशाच्या मामेबहिणीने एका शॉपिंग साइटची लिंक पाठवली. खाली लिहिलेलं, "अगो, हें तुजें न्हय?" कापडी पिशवी आणि तिच्यावर माझं वृंदावन. सही पुसलेली. चित्र उलटवलेलं, म्हणजे आरशात दिसावं तसं, त्यामुळे टवका उजव्या कोपऱ्यात गेलेला. वर्णनात "पारंपरिक भारतीय डिझाइन". मावशीच्या अंगणातला नारळ कुठल्या परंपरेत पडला, हे त्या विक्रेत्याला कोण विचारणार? मला भयंकर राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

चित्र उलटवण्यामागे हिशोब असतो. अशी प्रत चित्रावरून शोधताना बऱ्याचदा निसटते. म्हणून गूगल लेन्स किंवा टिनआय या चित्रावरून शोधणाऱ्या साधनांवर मी आता प्रत्येक चित्र सरळ टाकते आणि उलटवूनही टाकते. चवथीआधी आणि पर्यटकांचा हंगाम सुरू होताना हे आवर्जून करते, कारण नवा माल तेव्हाच येतो.

साइटकडे तक्रार केली. आधी ठरावीक साच्याचं उत्तर आलं, मालकीचा पुरावा द्या म्हणून. मी पेन्सिलच्या कच्च्या रेघांचं पान पाठवलं, अर्धवट शाई भरलेल्या कागदाचा फोटो पाठवला, मूळ मोठा स्कॅन पाठवला आणि माझं चित्र व त्यांची पिशवी शेजारी ठेवून दोन्हीकडच्या टवक्यांभोवती लाल गोल काढले. पिशवी साइटवरून उतरली. मग दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाने परत आली. तीच फाइल पुन्हा पाठवली, पुन्हा उतरली. ही फाइल तयार असणं हेच माझं खरं संरक्षण ठरलं. कच्चं काम फेकू नका. तारखा असलेले फोटो ठेवा, आणि ते व्हॉट्सॲपवरून फिरवलेले नकोत, मूळ फाइल हवी, कारण व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यात दडलेली तारखेची माहिती निघून जाते.

ज्यांना वाटतं की नोंदणी नाही म्हणजे हक्क नाही, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढलं की हक्क आपोआप तयार होतो. नोंदणी सक्तीची नाही. केली तर पुरावा म्हणून उपयोगी पडते, चित्रासाठी फी 500 रुपये आहे (मालावर वापरायच्या चित्रासाठी जास्त) आणि अर्ज ऑनलाइन होतो. हक्क कलाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा डिसेंबर 2011 मध्ये लोटलीला वारले. म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क 2071 अखेरपर्यंत आहे. गोव्यात कुठेही त्यांची चित्रं छापलेले कप, टाइल, टी-शर्ट बघताना हे लक्षात ठेवायला हवं. आपल्या देवळांच्या भिंतींवरची जुनी कावी नक्षी (चुन्याच्या गिलाव्यावरची तांबडी) मात्र सगळ्यांची. ती कुणीही काढावी. पण मी देवळात बसून काढलेला कागद माझा, त्याचा स्कॅन उचलून पडदे छापायचे नाहीत.

अनोळखी विक्रेत्याशी भांडणं सोपं असतं. जड जातं ते ओळखीच्या माणसाशी. जवळच्याच एका गेस्ट हाउसवाल्याने माझी जुन्या घरांची चित्रं इंटरनेटवरून घेऊन, मोठी छापून खोल्यांत लावली. विचारलं तर म्हणाला, "खाली तुझं नाव ठेवलंय ना? तुझी जाहिरातच झाली की." बोलण्यात दुष्टावा नव्हता, त्याला मनापासून तसंच वाटत होतं. पण नाव ठेवणं आणि परवानगी घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आपलं नाव लागावं, आपलं नाव खराब होईल अशी चित्राची मोडतोड होऊ नये, हा हक्क त्याच कायद्याच्या 57 व्या कलमाने दिलाय. चित्र छापायचं की नाही, किती आणि कशावर, हे ठरवण्याचा हक्क त्याहून निराळा आणि त्याचे पैसे होतात. सुतार पलंगाखाली नाव कोरून पलंग फुकट देत नाही. मी त्याला बिल पाठवलं. त्याने चित्रं उतरवली, पैसे दिले नाहीत, आणि म्हार्दोळच्या जत्रेत भेटला तर आता बोलत नाही. मला वाईट वाटतं, पण बिल पाठवायलाच हवं होतं.

वॉटरमार्कबद्दल, म्हणजे चित्रावर टाकलेल्या नावाच्या खुणेबद्दल, बरेच जण विचारतात. कोपऱ्यातला कापून टाकतात, मधला पुसायची साधनं आता फोनवरही आहेत. मी सही चित्राच्या रेघांतच गुंतवते, कौलांत नाहीतर चिऱ्यांच्या सांध्यात. आणि 1080 पिक्सेलपेक्षा रुंद फाइल टाकत नाही. 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, ती जेमतेम साडेतीन इंच छापून होते, A4 साठी 2480 बाय 3508 पिक्सेल लागतात. एआयने फाइल मोठी करता येते हे खरं, पण तेव्हा बारीक रेघा कालवल्या जातात आणि चोरी ओळखू येते. एआयला आपली शैली शिकवली जाऊ नये म्हणून शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2023 मध्ये ग्लेझ हे मोफत साधन आणलं. ते वापरा, पण पिशवी छापणाऱ्याला ते अडवत नाही.

सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते पणजीत आल्तिनोच्या कला महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेल्या, ऑर्डरी घेऊ लागलेल्या मुलांना. कायद्याचं 17 वं कलम वाचा. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून पेंटिंग, पोर्ट्रेट किंवा फोटो केला आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक ऑर्डर देणारा असतो. तुम्ही नव्हे! हॉटेलच्या भिंतीसाठी काढलेलं चित्र उद्या त्याने टॉवेलवर छापलं तर 57 व्या कलमातला हक्क सोडून तुमच्या हाती काही उरत नाही. याला चोरी म्हणताही येत नाही, म्हणूनच जीव तुटतो.

त्यामुळे आगाऊ रक्कम घेण्याआधी मेलवर हे पाठवा आणि समोरच्याचं "मान्य" असं उत्तर येईपर्यंत ब्रश उचलू नका: "या चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. ग्राहकाला मूळ चित्र अमुक जागी लावण्याचा हक्क आहे. छपाई, वस्तूंवर वापर किंवा जाहिरात यासाठी वेगळी लेखी परवानगी आणि वेगळी रक्कम लागेल." परवानगी देताना मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर अख्खा भारत. मी सध्या 2 वर्षं आणि फक्त गोवा असं लिहिते. ग्राहक कुरकुरतात, मग बहुतेक जण मान्य करतात. जे करत नाहीत त्यांचं काम मी घेत नाही.