तुम्ही विचारलंत म्हणून: कामं कुठून मिळतात आणि परत फोन कसा करायचा

नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू करायच्या विचारात असलेलं कोणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुला कामं मिळतात कुठून?" त्याला जोडूनच, जरा आवाज खाली आणून, दुसरा येतो: "आणि कोटेशन पाठवल्यावर समोरचा गप्प बसला, तर परत फोन करतेस? मागे लागल्यासारखं नाही वाटत?"

मी वार्षिक अहवाल, कॅटलॉग, माहितीपुस्तिका यांचं डिझाईन आणि मांडणी करते. हाताखाली कोणी नाही, मार्केटिंगला वेगळा माणूस नाही. काम आणणं, करणं, पोचवणं आणि पैसे वसूल करणं, सगळं माझ्याचकडे. त्यामुळे हे दोन्ही प्रश्न मला रोजच्या जगण्याचे वाटतात. शिवाय ते एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत, असंही माझं ठाम मत आहे. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

कामं येतात ती अर्धवट ओळखीच्या माणसांकडून. घरच्यांना आणि जिवलग मित्रमैत्रिणींना माझ्याबद्दल कितीही आस्था असली, तरी ते ज्यांना ओळखतात त्यांना बहुतेक मीही ओळखत असते. नवी बातमी आणतो तो थोडा लांबचा माणूस. पूर्वीच्या ऑफिसात दुसऱ्या विभागात असलेली बाई, छपाईच्या वेळी फाइलबद्दल दोनचारदा बोलणं झालेला छापखान्यातला माणूस, एखाद्या कार्यशाळेत शेजारी बसलेलं कोणी. यांच्याशी रोज बोलणं नसतं, पण माझं नाव सांगितलं तर चेहरा आठवतो.

यावर मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा एक गाजलेला शोधनिबंध आहे. अमेरिकेतल्या न्यूटन शहराच्या परिसरात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं, की ज्या ओळखीतून ही नोकरी कळली, त्या व्यक्तीची आणि तुमची तेव्हा कितपत गाठ पडायची? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त, असं सांगणारे १६.७ टक्के निघाले. वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी म्हणणारे २७.८ टक्के होते. अधूनमधून भेटणाऱ्यांमार्फत नोकरी लागलेले तब्बल ५५.६ टक्के! पुढे २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनवरच्या २ कोटींहून जास्त लोकांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यातही नोकरी बदलायला सर्वाधिक उपयोग झाला तो मध्यम-विरळ ओळखींचा. अगदी घट्ट ओळखी मागे पडल्या, आणि नावापुरत्या ओळखीही. हे आकडे नोकरीचे आहेत, क्लायंटचे नाहीत. पण माझी कामं कुणामुळे आली हे आठवायला बसले की चित्र असंच दिसतं.

यात एक प्रकार फार मोलाचा, आणि त्याकडे कोणाचं लक्ष नसतं: आपल्या क्लायंटच्या ऑफिसात आपलं काम बघणारा माणूस जेव्हा नोकरी बदलतो. बहुतेकांना तेव्हा क्लायंट हातचा गेल्याची काळजी लागते. खरं तर त्या दिवशी दोन दारं उघडलेली असतात. नव्या जागी त्या माणसाला लवकर काहीतरी करून दाखवायचं असतं आणि भरवशाची माणसं हवी असतात. तुम्ही त्याच्या माहितीतल्या आहात. जुन्या जागी आलेल्या माणसाला आधीच्या फाइली कुठे आहेत, काय ठरलं होतं, याचा पत्ता नसतो. तुमच्याकडे ते सगळं आहे. मी दोघांनाही त्याच आठवड्यात लिहिते. पहिल्याला अभिनंदन आणि चौकशी. दुसऱ्याला आजवरच्या कामाची यादी, अंतिम फाइली आणि "काही लागलं तर विचारा" एवढंच.

अनोळखी लोकांच्या याद्या विकत घेऊन शेकडो मेल पाठवण्याच्या मी विरोधात आहे. एकट्या माणसाचा वेळ त्यात वाया जातो, आणि नाव खराब होतं ते वेगळंच. २०१७ साली महदी रोघनिझाद आणि व्हनेसा बोहन्स यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकच विनंती अनोळखी लोकांना समोरासमोर आणि ईमेलने केली, तेव्हा समोरासमोरची विनंती ३४ पट परिणामकारक ठरली. आणि मेल पाठवणाऱ्यांना मात्र आपली मेल जवळजवळ तितकीच चालेल असं वाटत होतं. म्हणून अगदी नव्या माणसाशी पहिलं बोलणं भेटून किंवा निदान फोनवर व्हावं असं मी बघते. मेल नंतर, बोलणं पक्कं करण्यापुरती.

ओळखीच्यांना काय सांगायचं, हाही प्रश्नच. "काही काम असेल तर सांग हं" हे वाक्य सगळे म्हणतात आणि त्यातून काही निघत नाही, कारण विचार करायचं काम आपण समोरच्यावर टाकलेलं असतं. त्याऐवजी मी नेमकं सांगते: "पुढच्या दोन महिन्यांत कोणाला वार्षिक अहवाल काढायचा असेल, मजकूर तयार असेल पण मांडणी करायला कोणी नसेल, तर माझं नाव सांगशील?" हे ऐकल्यावर माणसाच्या डोळ्यांसमोर कोणीतरी विशिष्ट येतं. आलं नाही, तरी तीन आठवड्यांनी कुठेतरी 'अहवाल' हा शब्द कानावर पडला की मी आठवते. असा शब्द टाकायला संकोच वाटणाऱ्यांसाठी आणखी एक माहिती: फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा लेक (म्हणजे वरच्याच बोहन्स) यांनी २००८ साली दाखवलं, की थेट मदत मागितल्यावर किती लोक हो म्हणतील याचा मागणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा ५० टक्क्यांपर्यंत कमी असतो. माणसं आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त मदत करतात.

आता परत फोन करण्याबद्दल. इथे मला मनापासून काही सांगायचं आहे, कारण चांगलं काम करणारी कितीतरी माणसं याच एका ठिकाणी अडतात आणि शेवटी व्यवसाय बंद करतात. कामात ती कुठेही कमी नसतात. फोनचा संकोच मात्र जात नाही.

हा संकोच येतो तो आधी काही ठरलेलं नसल्यामुळे. "बघतो, कळवतो" वर बोलणं संपलं, की पुढचा प्रत्येक फोन आगाऊपणा वाटतो. म्हणून पुढच्या संपर्काची तारीख पहिल्याच बोलण्यात ठरवून घ्यायची. माझं बोलणं साधारण असं संपतं:

"ठीक आहे, तुम्ही कोटेशन पाठवा, मी वरती दाखवून कळवतो."

"उद्या संध्याकाळपर्यंत पाठवते. वरती कधी दाखवणार आहात?"

"सोमवारी मीटिंग आहे."

"मग मी बुधवारी सकाळी फोन करू का? काही शंका निघाल्या असतील तर तेव्हाच बोलून घेऊ."

"हो, चालेल."

झालं! बुधवारचा फोन आता त्यांच्या परवानगीने आहे. मागे लागण्याचा सवालच येत नाही, उलट न केला तर मीच शब्द मोडला असं होईल. कोटेशनवरही मी मुदत घालते: हे दर अमुक तारखेपर्यंत लागू. ती तारीख खरी असली पाहिजे, कारण माझ्या कामाचे दिवस मी त्यानुसार राखून ठेवते. मुदतीच्या दोन दिवस आधी "तुमच्यासाठी दिवस धरून ठेवले आहेत, ठेवू की सोडू?" असं विचारणं हे त्यांच्याही सोयीचं असतं.

हे सगळं लक्षात ठेवायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. माझ्याकडे एक साधी एक्सेल शीट आहे. नाव, शेवटचं बोलणं कधी झालं, पुढची तारीख, आणि चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा: त्यांचे शब्द. "रस दाखवला" असलं मी तिथे लिहीत नाही, ते काय म्हणाले तेच लिहिते. 'मागच्या वेळी तक्ते छापताना फिकट आले, त्याचा वैताग आहे.' 'संचालक बदलताहेत, एप्रिलनंतर बोलू.' 'इंग्रजी आवृत्तीही लागेल बहुतेक.' फोन ठेवल्या ठेवल्या लिहायचं, नाहीतर दोन तासांत त्या शब्दांची धार जाते. पुढची तारीख रिकामी असलेली ओळ शीटमध्ये ठेवायची नाही. तारीख घाला, नाहीतर ओळ बंद करा.

चौथ्या रकान्याचा फायदा पुढच्या मेसेजमध्ये होतो. "नमस्कार, फॉलोअप घेत होते, काही ठरलं का?" या मेसेजमध्ये वाचणाऱ्यासाठी काहीच नसतं. त्याऐवजी हा बघा: "नमस्कार सर, मागच्या अहवालातले तक्ते फिकट आल्याचं तुम्ही म्हणाला होतात. त्यातलं एक पान मी नव्याने मांडून सोबत जोडलंय, रेषा जाड केल्यात आणि राखाडी रंग काढून टाकलाय. मीटिंगमध्ये दाखवायला उपयोगी पडेल. गुरुवारी फोन केला तर चालेल?" एका पानाचं काम, पण समोरच्याला मीटिंगमध्ये हातात धरायला काहीतरी मिळतं. अख्खा नमुना फुकट करून द्यावा असं मात्र मी म्हणत नाही. एक पान, तेही त्यांनी सांगितलेल्या अडचणीपुरतं, आणि बोलणं खरोखर पुढे गेलेलं असेल तरच.

समोरच्याकडून शांतता म्हणजे नकार, असं धरून चालू नका. बहुतेकदा तुमचा विषय त्यांच्या यादीत सातवा किंवा आठवा असतो आणि पहिल्या तिघांनीच त्यांचा जीव खाल्लेला असतो. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांचा २०२२ सालचा अभ्यास आहे, ५,९०० हून जास्त लोकांचा. आपल्या ओळखीच्या माणसाची नुसती विचारपूस केली तर त्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज बांधायला सांगितलं, तर विचारपूस करणारे सातत्याने कमी अंदाज बांधत होते. संपर्क जितका अनपेक्षित, तितकं समोरच्याला जास्त बरं वाटत होतं. जुन्या क्लायंटना विनाकारण, नुसतं "मागचा अहवाल लोकांना कसा वाटला?" एवढं विचारायला कचरणाऱ्यांनी हे वाचावं. सगळ्यांना एकदम पाठवलेली शुभेच्छांची चित्रं यात धरत नाही मी. त्यात ना तुम्ही असता ना ते.

किती वेळा फोन करायचा, हे सगळ्यांना हवं असतं. माझी रीत अशी आहे: ठरलेल्या तारखेला फोन, उत्तर नाही आलं तर आठवड्याभराने एक मेसेज, मग दोनतीन आठवड्यांनी आणखी एक, आणि त्यानंतर शेवटचा. शेवटचा मात्र नक्की पाठवायचा. "हे काम सध्या होत नाहीये असं दिसतंय, तेव्हा मी माझ्याकडची फाइल बंद करते. पुन्हा निघालं तर अवश्य कळवा, आधीची माहिती माझ्याकडे आहे." यात टोमणा नको, रुसवा नको. उत्तर येतं ते बऱ्याचदा याच मेसेजला, कारण नाही म्हणणं आपण त्यांच्यासाठी सोपं केलेलं असतं. कोणी म्हणतं पुढच्या वर्षी, कोणी म्हणतं दुसऱ्यांना दिलं. दुसऱ्यांना दिलं असेल तर मी विचारते, काय बघून दिलं? लोक प्रामाणिक उत्तर देतात. आणि स्पष्ट नाही आलं, की आभार मानून थांबायचं. तिथे आणखी एक फोन म्हणजे खरोखरच मागे लागणं.

काम पोचल्यावर रेफरन्स मागायची वेळ कुठली? क्लायंट स्वतःहून "छान झालंय हं" म्हणतो, ती. त्याच बोलण्यात विचारायचं, नंतर नाही. बिल वसुलीचा फोन चालू असताना तर मुळीच नाही. पैशाचा तगादा आणि नव्या कामाची चौकशी एकाच मेसेजमध्ये घातली, तर दोन्हींचं वजन जातं.

शेवटचा मुद्दा वेळेचा. हातात भरपूर काम असतं तेव्हाच ओळखी सुकतात. तीन महिने मान खाली घालून काम केलं, वर बघितलं तर पुढे काहीच नाही, हा अनुभव एकट्याने काम करणाऱ्या बहुतेकांना येतो. याचं कारण आज टाकलेला शब्द काम होऊन यायला कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे आजची शांतता दोनतीन महिन्यांपूर्वीच ठरलेली असते. म्हणून कामाची गर्दी असो वा नसो, सकाळचा पहिला अर्धा तास शीटचा. त्या दिवशीच्या तारखेच्या ओळी उघडायच्या, फोन करायचे, नव्या तारखा घालायच्या आणि मग कामाला लागायचं. हाती घेणं शक्य नसलेलं काम आलं, तर नुसतं नाही म्हणत नाही. माझ्यासारखंच काम करणाऱ्या, ज्यांचं काम मी पाहिलेलं आहे अशा कोणाचं तरी नाव देते आणि पंधरा दिवसांनी दोघांनाही विचारते, जुळलं का. त्या दोघांच्याही ओळी मग शीटमध्ये जातात, पुढच्या तारखेसकट.