आमची वाटचाल: ठासणीच्या बंदुकीपासून पंपापर्यंत

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत बंदूक असते ती बहुतेक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर, रानडुकरांपासून पीक राखायला. आमच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात सुरुवातीला कामं यायची ती ठासणीच्या बंदुकांची आणि बारा बोअरच्या दुनळ्यांची: घोड्याची स्प्रिंग बदलणं, सैल झालेला सांधा बसवणं, दस्त्याची चीर भरणं. पंप-अ‍ॅक्शन बंदुका (पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायच्या) आल्या तशी कामाची तऱ्हा बदलली. ही रचना तशी जुनीच. अमेरिकन बंदूकरचनाकार जॉन ब्राउनिंगची विंचेस्टर १८९७ सालची, रेमिंग्टन ८७० ही १९५० सालची. पण दुनळी सांध्यात वाकवून उघडली की आतलं बरंचसं दिसतं, पंपाचं सगळं काम नळीमागच्या बंद पेटीच्या आत चालतं. म्हणून आम्ही हत्याराला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाला डमी (बिनदारूची) काडतुसं घालून दाखवतो.

बार उडाला की पुढच्या मुठीची अडक सुटते. मूठ मागे ओढली की तिला जोडलेल्या पट्ट्या आधी बोल्टचं (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याचं) कुलूप खाली पाडतात, मगच बोल्ट मागे सरकतो. एक्स्ट्रॅक्टरची नखी रिकाम्या काडतुसाची कड धरून ते नळीतून खेचते, इजेक्टरवर, म्हणजे ते बाहेर फेकणाऱ्या आडकाठीवर, आपटून ते बाजूच्या खिडकीतून बाहेर पडतं. त्याच ओढीत घोडा चढतो. ओढ पार शेवटाला पोचली की मॅगझिनच्या (काडतुसं साठवायच्या खालच्या नळीच्या) तोंडाची खिट्टी एकच काडतूस सोडते आणि दुसरी खिट्टी मागचं अडवून धरते. मूठ पुढे ढकलली की खालची पाळ काडतूस वर उचलते, बोल्ट ते नळीत बसवतो आणि कुलूप परत वर चढतं. कुलूप पुरतं बसल्याशिवाय चाप ओढला तरी बार उडत नाही.

‘मूठ जाम झालीय’ म्हणून येणाऱ्या कितीतरी बंदुकांत काहीच मोडलेलं नसतं. घोडा चढलेला असताना मूठ मागे यायचीच नाही. चापाच्या कडीजवळचा खटका दाबावा लागतो. जोर लावून ओढली तर पट्ट्या वाकतात. दुसरी तक्रार, नवं काडतूस वर येत नाही. यात दोष बहुधा अर्धवट ओढीचा. मूठ पार मागे आली नाही तर खिट्टी काडतूस सोडतच नाही. पूर्ण ओढूनही तेच होत असेल तर मॅगझिनची स्प्रिंग बघावी. मॅगझिनची टोपी काढताना ती उसळते, हाताने दाबून धरा. मोकळी सोडल्यावर मॅगझिनच्या नळीबाहेर वीतभर तरी यायला हवी.

बाकीचं नुकसान खाऱ्या हवेचं. काडतुसाच्या घरात (नळीच्या मागच्या टोकाला, जिथे काडतूस बसतं तिथे) गंज धरला की रिकामी काडतुसं चिकटतात, नखी कड सोडून देते किंवा तुटते. तिथे बारा बोअरचा पितळी ब्रश फिरवा. खोबरेल मात्र नको: ते २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे पौषातल्या पहाटे खिट्ट्या जड होतात. पातळ गन ऑइल पुरे, आणि मॅगझिनची नळी जवळजवळ कोरडीच पुसायची, नाहीतर जांभ्याची धूळ आत बसते. चामड्याच्या खोळीत बंदूक पावसाळाभर ठेवू नये, चामडं ओल धरतं. काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कागदी असतील तर ओलीने फुगतात आणि नळीत बसतच नाहीत.

निवडणुकीच्या काळात बंदूक जमा करायची वेळ आली, तर मॅगझिन आणि नळी दोन्ही रिकामी आहेत हे बोट घालून पाहा, आतून-बाहेरून तेलाचा हात फिरवा. परत आणल्यावर नळीतलं तेल कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय बार काढू नका.