तुम्ही विचारलंत म्हणून: हायब्रिड घ्यावी का?

माझ्याकडे हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली गाडी आहे हे कळलं की पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" दुसरा जरा आवाज खाली आणून, "आणि बॅटरी गेली तर?" तिसरा या दोन्हींच्या पोटातच असतो: मग आम्ही घ्यावी का? त्यावर मी उलट विचारते, तुम्ही रोज ब्रेक किती वेळा दाबता?

लोकांना वाटतं मी उत्तर टाळतेय. पण हायब्रिडचा निम्मा हिशेब त्या एका पेडलाखाली आहे. १४०० किलोची गाडी ताशी ५० किलोमीटरने धावते तेव्हा तिच्यात साधारण १३५ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. साध्या गाडीत सिग्नलला ब्रेक लागला की ही ऊर्जा डिस्क तापवण्यात संपते. पुन्हा तोच वेग गाठायला, इंजिनाची कार्यक्षमता ३० टक्के धरली तर, १४ मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल जळतं. म्हणजे दर थांब्याला जवळजवळ तीन चमचे. हायब्रिडमध्ये ब्रेक हलका दाबला की मोटरच जनरेटरचं काम करते, गाडीचा वेग कमी करते आणि वीज बॅटरीत टाकते. सगळं परत मिळत नाही, वाटेत गळती होतेच. आणि करकचून ब्रेक मारलात, तर जादाचा भार नेहमीच्या ब्रेकवरच पडतो. त्यामुळे पुढचा सिग्नल लांबून बघून सावकाश थांबणाऱ्याला ही गाडी भरभरून देते, आणि शेवटच्या क्षणी ब्रेकवर उभं राहणाऱ्याला फारसं देत नाही. एकच मॉडेल घेतलेल्या दोघांच्या ॲव्हरेजमध्ये फरक दिसतो तो बऱ्याचदा यामुळे.

दुसरी बचत इंजिनातच आहे, आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. जेम्स ॲटकिन्सन या ब्रिटिश इंजिनिअरने १८८२ साली अशा इंजिनाची कल्पना मांडली ज्यात वायू दाबला जातो कमी आणि प्रसरण पावतो जास्त. आजच्या हायब्रिडमध्ये हवा आत घेणारा व्हॉल्व्ह थोडा उशिरा बंद करून तोच परिणाम साधतात. इंधन कमी लागतं, पण इंजिन खालच्या वेगाला मरगळलेलं राहतं. एकट्याने ते कुणाला आवडलं नसतं. इलेक्ट्रिक मोटर मात्र शून्यापासूनच पूर्ण जोर लावते, त्यामुळे सिग्नल सुटला की ही उणीव जाणवतच नाही. हायब्रिडमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

आता हायवे. ताशी १०० ने दोन-तीन तास सरळ जाणाऱ्या माणसाला ब्रेक दाबायचं कारणच पडत नाही. परत मिळवायला काही नसतं, इंजिन बंद ठेवून नुसत्या मोटरवर चालायची वेळ क्वचित येते, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढत जातो. इंजिन मुळात काटकसरी असल्याने थोडा फायदा उरतो, पण त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. फारच जवळ, दोन-तीन किलोमीटर जाऊन परत येणाऱ्यांचंही तसंच. गार इंजिन आणि एक्झॉस्टमधला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवण्यासाठी इंजिन काही काळ चालतंच, आणि ते तापेतोवर घर येतं.

ॲव्हरेजच्या आकड्यावर भाळू नका. लिटरला १० किलोमीटरची गाडी देऊन १५ ची घेतलीत, तर हजार किलोमीटरमागे ३३ लिटर वाचतात. २० ची देऊन ३० ची घेतलीत, तर फक्त १७. वर्षाला १५,००० किलोमीटर चालवणारा १४ च्या गाडीवरून २० च्या गाडीवर आला तर ३२० लिटरच्या आसपास वाचवतो, ५,००० किलोमीटर चालवणारा १०७. तुमच्याकडचा पेट्रोलचा भाव लावा, साध्या आणि हायब्रिड मॉडेलच्या किमतीतला फरक त्याने भागा, किती वर्षांत वसूल होते ते समोर येईल. बऱ्याच जणांचा उत्साह इथेच ओसरतो, आणि ओसरायलाच हवा.

बॅटरीची भीती मात्र बरीचशी फुकाची. टोयोटाची प्रियस ही हायब्रिड गाडी जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीला आली, म्हणजे या बॅटऱ्या कशा म्हाताऱ्या होतात हे पाहायला भरपूर काळ मिळाला आहे. साध्या हायब्रिडची बॅटरी लहान असते, एक-दीड किलोवॉट-तासांची, आणि गाडी तिला कधी तुडुंब भरू देत नाही की तळाला जाऊ देत नाही. ती टिकते ती त्यामुळे. तिचा खरा शत्रू उष्णता. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटजवळ एक छोटी जाळी असते, तिच्यातून पंखा बॅटरीसाठी गार हवा ओढतो. त्या जाळीवर धूळ आणि कुत्र्याचे केस साचतात, कोणीतरी पिशवी टेकवून ठेवतं, आणि आत बॅटरी भाजत राहते. दर सर्व्हिसिंगला ती जाळी उघडून साफ केली का, हे मी उभं राहून बघते.

त्रास दिलाच तर देते ती दुसरी बॅटरी, १२ व्होल्टची, जिची चौकशी कोणी करत नाही. गाडी बरेच दिवस उभी होती, मी बटण दाबलं, डॅशबोर्डवरचे दिवे लुकलुकले आणि विझले. मोठ्या बॅटरीत चार्ज होता, टाकीत पेट्रोल होतं, तरी गाडी ढिम्म. मोठी बॅटरी जोडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, आणि गाडीतले संगणक त्या लहानगीवर चालतात. आणि धक्का मारून चालू होणारी ही गाडी नव्हे. केबल लावून ती चालू केली तेव्हा कुठे सुटका झाली. गाडी महिनोन्‌महिने झाकून ठेवणार असाल तर हे आधी लक्षात घ्या.

"दोन यंत्रं म्हणजे दुप्पट बिघाड" हेही नेहमी ऐकते. प्रियससारख्या रचनेत इंजिन आणि दोन मोटर एका ग्रहीय गिअर-संचाने (मधल्या दातेरी चाकाभोवती फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकांनी) जोडलेल्या असतात. तिथे क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. ब्रेक पॅडही निवांत टिकतात. उलट वापर कमी म्हणून डिस्कवर गंज धरतो. खटकणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन एका सुरात ओरडत राहतं आणि गाडीचा वेग मात्र मागाहून वाढतो. काही मॉडेल्समध्ये डिकी लहान होते, स्टेपनी गायब होते. आणि बॉनेटखालच्या जाड केशरी केबल्स पाहून ओळखीचा मेकॅनिक हात आखडता घेतो. तो घेतो तेच बरोबर, तिथला विजेचा दाब जिवावर बेतणारा असतो. पण त्यामुळे तुम्ही कंपनीच्या वर्कशॉपला बांधले जाता. तो खर्च किमतीच्या हिशेबात कोणी धरत नाही.

मागे 'हायब्रिड' असं लिहिलेल्या सगळ्या गाड्या एक नव्हेत. माइल्ड हायब्रिडमधली छोटी मोटर इंजिनाला हात देते, बहुधा एकटीने गाडी ओढत नाही. वर लिहिलेलं बहुतेक काही तिला लागू नाही. प्लग-इनमध्ये, म्हणजे बाहेरून वीज लावून चार्ज होणाऱ्या हायब्रिडमध्ये, बॅटरी मोठी, पण ती रोज चार्ज करायची शिस्त हवी. युरोपीय आयोगाने २०२४ साली गाड्यांमधल्याच नोंदी तपासल्या, तेव्हा प्लग-इन गाड्यांचं रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत हाच फरक २० टक्क्यांच्या आसपास होता. ज्यांच्याकडे रात्री गाडी चार्जिंगला लावायची सोय आहे, त्यांनी मला विचारण्याऐवजी सरळ इलेक्ट्रिक पाहावी. भाड्याच्या घरात, रस्त्याच्या कडेला गाडी लावून रोज गर्दीतून जाणाऱ्याला मात्र मी हायब्रिडच सुचवते.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाला दुपारी, मोकळ्या रस्त्यावर नेईल. तुम्ही संध्याकाळची, ऑफिसं सुटायची वेळ मागा, शेजारच्या सीटवर न बसता स्वतः चालवा, आणि परत आल्यावर ती जाळी कुठे आहे ते त्याला दाखवायला सांगा.